खेड्यांतील युद्धस्मारके आणि एक जुनी जीपगाडी

इंग्लंडात खेडोपाडी हिंडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस दोन गोष्टी हटकून पडतात. एक ख्रिस्तमंदिराचा मनोरा. आणि दुसरी, त्याच्याच आवारात किंवा गावच्या हिरवळीवर उभी असलेली, नावे कोरलेली दगडी शिला. गाव पन्नास उंबऱ्यांचे का असेना, अशी शिला तेथे बहुधा असावयाचीच. हीच ती युद्धस्मारके होत. स्तंभ, क्रूस, भिंतीवरील पाटी, रंगीत काचेची खिडकी असे सर्व प्रकार धरले तर ब्रिटनमध्ये अशी सुमारे एक लाख स्मारके आहेत, आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमने १९८९ पासून त्यांची टिपणे गोळा करून ठेविली आहेत.

ही स्मारके पाहत हिंडण्याचा एक आगळा प्रघात तिकडे पडला आहे. जुन्या लष्करी गाड्या जतन करणारे हौशी लोक सुटीच्या दिवशी आपापल्या गाड्या बाहेर काढतात, आडवाटांनी एका गावाहून दुसऱ्या गावास जातात, आणि प्रत्येक स्मारकापाशी थांबून तांबड्या खसखशीच्या फुलांचे चक्र वाहतात. आपणही ह्या लेखात तशाच एका गाडीत बसून ससेक्स परगण्यातून मनाने फेरी करू, आणि दगडावरील लेख वाचावा कसा हे पाहू. अखेरीस आपल्याच मुलखातील दगडांकडे वळावयाचे आहे. ते दगड आपल्यापैकी पुष्कळांनी जातायेता पाहिले असतील. वाचले असतील ते थोड्यांनीच.

प्रथम गाडीविषयी. अशा फेऱ्यांत सर्वांत अधिक दिसते ती जीप. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना गती असणाऱ्या गाडीचा नमुना मागविला, आणि मुदत दिली ती अवघी ४९ दिवसांची! बॅन्टम नावाच्या एका लहान कारखान्याने ही मुदत पाळली, व २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना सैन्याच्या स्वाधीन केला. परंतु एवढ्या छोट्या कारखान्यास सैन्याला लागतील तितक्या गाड्या पुरविणे झेपणारे नव्हते. म्हणून मुख्य काम विलीज व फोर्ड ह्या मोठ्या कारखान्यांकडे गेले. महायुद्ध संपेपर्यंत सुमारे ६,४०,००० जीपगाड्या तयार झाल्या. गाडीस दारे नाहीत. दाराच्या जागी पट्टा अडकवावयाचा. समोरची काच आडवी पाडता येते. चालकाच्या बैठकीखालीच पेट्रोलची टाकी. पुढील दिवे बिजागरीवर उलटे फिरवावे म्हणजे त्यांचाच प्रकाश इंजिनावर पडतो व अंधारात दुरुस्ती करता येते. ह्या शेवटच्या युक्तीचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईस महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी आरंभिली, व पुढे मामलेदारापासून आरोग्यखात्यापर्यंत सर्वांच्या स्वाऱ्या तीतूनच निघू लागल्या. तेव्हा पालकांस ह्या वाहनाची वेगळी ओळख करून द्यावयास नको.

अशा गाडीतून स्मारके पाहण्यात लाभ कोणता? गाडी उघडी व बेताच्या वेगाची. शिवाय दोन्ही बाजूंस दाट कुंपणे असलेल्या अरुंद गल्ल्यांतून ती सहज जाते, आणि अशा गल्ल्यांच्या टोकासच ही खेडी असतात. दुसरे असे की जीप येऊन उभी राहिली म्हणजे माणसे जमतात. ज्या वृद्धास शिलेवरील आपल्या चुलत्याचे नाव दाखवा म्हटले तर संकोच वाटेल, तोच गाडीच्या मडगार्डावर हात ठेवून आपण होऊन बोलू लागतो. परंतु ह्यातच एक धोकाही आहे. मुले गाडीवर चढतात, चाकाशी बसून तसबीर काढवितात, आणि ज्या कारणास्तव गाडी तेथे आली ती शिला पाठीमागेच राहते. फेरी काढणाऱ्या जाणत्या मंडळींनी गाडी स्मारकाच्या अगदी समोर न लावता थोडी अलीकडे लावून चालत जावे, हे मला अधिक योग्य वाटते.

आता शिलेविषयी. ह्या बहुसंख्य शिला १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतरच्या. त्या इतक्या गावी का उभारल्या गेल्या ह्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. १९१५ साली असा निर्बंध घातला गेला की रणांगणावर पडलेल्या सैनिकाचा देह मायदेशी आणू नये. तो जेथे पडला तेथेच पुरावा. धनिकांनी आपली मुले आणावी व गरिबांनी आणू नये, असा भेद होऊ नये हा त्यातील एक हेतू होता. युद्ध संपल्यावरही हा निर्बंध उठला नाही. म्हणजे हजारो मातापित्यांस फुले ठेवावयास कबरच उरली नाही. गावची शिला ही त्या कबरेच्या जागी आली. तिचा खर्च सरकारने केला नाही. गावाने पंच नेमले, वर्गणी गोळा केली, पुष्कळ ठिकाणी वादही घातले. कोणास क्रूस हवा, कोणास सभागृह हवे, कोणास घड्याळ. कित्येक घरांत तर मुलगा केवळ बेपत्ता आहे, मेला नाही, ह्या आशेवर आईने त्याचे नाव कोरू दिले नाही.

शिला वाचताना आधी वर्षे पाहावी. काहींवर १९१४–१९१८ असते, काहींवर १९१४–१९१९. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबली. व्हर्सायचा तह मात्र २८ जून १९१९ रोजी झाला. मग आडनावे पाहावी. एकच आडनाव दोनतीनदा आले तर ते बहुधा भाऊ किंवा चुलतभाऊ. हुद्दे दिले आहेत की नाहीत, आणि नावांचा क्रम हुद्द्याप्रमाणे आहे की वर्णानुक्रमाने, हेही पाहावे. त्या गावाने मृत्यूपुढे सर्वांस सारखे लेखले की नाही ते त्यावरून कळते. तळाशी बहुधा १९३९–१९४५ ची नावे मागाहून घातलेली दिसतात. ती संख्येने थोडी असतात, आणि त्यांची अक्षरे किंचित निराळ्या घडणीची असतात.

ज्या खेड्यांतील गेलेले सर्वच्या सर्व जिवंत परतले अशीही काही खेडी आहेत. त्यांस ‘कृतज्ञ खेडी’ हे नाव आर्थर मी ह्या ग्रंथकाराने १९३० नंतरच्या दशकात दिले. त्याच्या अंदाजाने ती फार तर बत्तीस होती; पुढील शोधांत इंग्लंड व वेल्स मिळून पन्नासांहून थोडी अधिक आढळली. सबंध देशात एवढीच! ससेक्समधील ईस्ट विटरिंग हे त्यांपैकी एक.

आपल्या फेरीची सुरुवात त्याच परगण्यातील बरवॉश ह्या गावापासून करू. रडयर्ड किपलिंग हा कवी मुंबईचा जन्मलेला (१८६५). १९०२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, तो ह्या गावी राहिला. त्याचा एकुलता मुलगा जॉन ह्याची दृष्टी अधू असल्यामुळे सैन्याने त्यास नाकारिले होते. बापाने लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्याकडे आपले वजन खर्चून त्यास आयरिश गार्ड्स पलटणीत घेवविले. १९१५ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला. वय अठरा वर्षे. बरवॉशच्या स्मारकावर गावच्या इतर मुलांबरोबर त्याचे नाव आहे. स्मारकाच्या माथ्यावर दिवा आहे, आणि कोरलेल्या नावांपैकी ज्याचा मृत्युदिन असेल त्या रात्री तो लावण्याचा गावचा परिपाठ आहे. एका वेळी एकाच माणसाकरिता दिवा लावण्याची ही रीत मला ह्या सर्व प्रवासात फार हृद्य वाटते.

१९१७ साली मे महिन्यात राजाच्या सनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झाले. आज त्यास ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ म्हणतात. किपलिंग पुढे ह्या कमिशनचा सल्लागार झाला, व मोठ्या दफनभूमींतील स्मरणशिलेवरचे वचन त्याने बेन सीराखच्या ग्रंथातून निवडून दिले. त्या वचनाचा विषयही नाव हाच आहे: माणूस गेला तरी त्याचे नाव पिढ्यानुपिढ्या राहावे. सर फ्रेडरिक केनियन ह्यांनी १९१८ साली कमिशनची तत्त्वे मांडली, त्यांतही मुख्य तत्त्व हेच की अधिकारी असो वा शिपाई, प्रत्येक मृताची आठवण सारख्याच मानाने राखावी. हे तत्त्व नीट लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बरवॉशहून हीथफील्ड व ल्यूइस ह्या गावांवरून सुमारे तीस मैल गेले म्हणजे ब्रायटनजवळचे पॅचम येते. तेथील उघड्या माळरानावर एक स्मारक आहे. रस्ता त्याच्यापर्यंत जात नाही. जीपही खालीच ठेवून पायवाटेने चढावे लागते. वर गेल्यावर आपल्या लोकांस ओळखीची अशी आकृती दिसते: आठ खांबांवर घुमट, पांढऱ्या संगमरवराची छत्री! इंग्रजही तीस ‘छत्री’च म्हणतात. पुण्यास वानवडी येथे महादजी शिंद्यांची छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांस हा शब्द समजावून सांगावयास नको.

ही छत्री तेथे आली कशी? १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्य फ्रान्समध्ये उतरले. त्यातील जखमी सैनिकांस ब्रायटनच्या राजवाड्यात, ‘रॉयल पॅव्हिलियन’मध्ये, तसेच तेथील शाळेत व गरीबगृहाच्या इमारतीत रुग्णालये उघडून ठेविले. जातिधर्मांप्रमाणे स्वयंपाकघरेही निरनिराळी केली. जे वाचले नाहीत त्यांपैकी हिंदू व शीख अशा ५३ जणांचे दहन ह्या माळावर झाले. मुसलमान सैनिकांस वोकिंगजवळ दफन केले. दहनाच्या जागी उभारलेल्या छत्रीचा आराखडा मुंबईचे तरुण स्थापत्यकार ई. सी. हेन्रिक्स ह्यांनी केला, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांनी तिचे अनावरण केले. दुसऱ्या महायुद्धात हे माळरान सैन्याच्या सरावासाठी लोकांस बंद झाले, आणि सरावातील गोळ्या छत्रीस लागून तिचे बरेच नुकसान झाले. पुढे ते दुरुस्त करण्यात आले. ज्या शूरांसाठी ती बांधली त्यांच्याच राजाच्या सैनिकांनी तिच्यावर गोळ्या झाडाव्या हे चमत्कारिक खरे. परंतु युद्धात असे होते.

पण छत्रीपाशी उभे राहून बरवॉशच्या रीतीने नावे वाचू गेले तर वाचावयास काही नाही. छत्रीवर नावे नाहीत. ज्या ५३ जणांचे दहन तेथे झाले त्यांची नावे एका निराळ्या शिलेवर कोरून ती शिला जवळच उभारली गेली ती २०१० च्या सप्टेंबरात, म्हणजे दहनास पंचाण्णव वर्षे होत आल्यावर.

ही एकच गोष्ट असती तर दुर्लक्ष झाले म्हणून सोडून देता आली असती. परंतु आपल्या मराठी मुलखाशी ज्या स्मारकाचा अधिक जवळचा संबंध, त्याची कथा अशीच आहे. मराठा पलटणींपैकी १०३वी, ११०वी व ११७वी ह्या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी त्यांस वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपल्यावर, सैन्य शरण गेले. कैदेतील वाटचालीत व छावण्यांत हजारो लोक मेले. त्या मोहिमेतील ज्या मृतांस ज्ञात कबर नाही त्यांचे स्मारक बसऱ्यास १९२९ साली उघडले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली, शिपायांसुद्धा. हिंदी सैन्यापैकी मात्र अधिकाऱ्यांची तेवढी नावे आली. शिपाई, नाईक, हवालदार ह्यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या कोरली गेली. केनियन ह्यांचे तत्त्व बसऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही.

आकडा व नाव ह्यांत अंतर किती, हे वर्गात बसणाऱ्या शिक्षकास कोणी शिकवावे लागत नाही. खेड्यात ज्यास कोणी धड नावाने हाक मारली नाही असे मूल पहिल्या दिवशी हजेरीपटावरून आपले व आपल्या बापाचे नाव पूर्ण ऐकते, तेव्हा ते कसे ताठ बसते ते मी पाहिले आहे.

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच एका विशेष समितीने ह्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, त्यांत हिंदी, आफ्रिकी व इजिप्ती लोक विशेष, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. आणि ह्याखेरीज किमान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची, मुख्यत्वे पूर्व आफ्रिकेतील व इजिप्तमधील, नावे कोठेच नाहीत किंवा त्यांचे स्मरणच केलेले नाही, असे समितीने लिहिले. ह्यामागे वर्णद्वेष होता हेही तिने स्पष्ट म्हटले. कमिशनने क्षमा मागितली, व ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात क्षमायाचना केली. शंभर वर्षांनी मागितलेल्या क्षमेची किंमत काय, असे कोणी विचारील. क्षमा नुसती शब्दांची असेल तर थोडीच. परंतु नावे शोधण्याचे काम तिच्यामागून झाले तर पुष्कळ आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही रीत बरीच सुधारली होती. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथील नाईक यशवंत घाडगे हे तिसऱ्या बटालियनीत, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज सर्वजण मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबाँबने ती तोफ बंद पाडली, उरलेल्यांशी हातघाईने लढले, आणि तेथेच शत्रूच्या गोळीने पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या देहाचा ठाव लागला नाही. परंतु कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावास त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये, ज्या टेकड्यांवर ते लढले तेथील मोंतोने ह्या लहानशा गावाने त्यांच्या नावाचे एक सूर्यघड्याळ स्मारक म्हणून बसविले. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. इटलीतील जुन्या जीपगाड्यांच्या हौशी लोकांनी एखादी फेरी मोंतोनेवरून काढली तर त्या डोंगरी गावात त्यांस कोकणातील एका शेतकऱ्याचे नाव वाचावयास मिळेल.

आता आपल्या गावांकडे येऊ. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे ७४,००० हून अधिक लोक कामी आले. युद्धानंतर सरकारने, ज्या गावांतून भरती अधिक झाली होती तेथे संगमरवरी पाट्या बसविल्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आता रायगड) इत्यादी जिल्ह्यांत त्या चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत अद्याप आढळतात. मजकूर बहुतेक सर्वत्र एकाच साच्याचा: ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, व १९१४–१९१९ ही वर्षे. नाव एकही नाही! साताऱ्याजवळील अपशिंगे गावास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. तेथील ४६ जण त्या युद्धात पडले असे गावकरी सांगतात. १९१७ साली १११वी महार पलटण उभारली गेली व १९२१ साली मोडलीही. जी पलटणच उरली नाही तिच्यातील माणसांची आठवण कोणी ठेवावी? त्यांच्या घराण्यांपैकी कित्येक आज आमच्या मंडळ्यांत आहेत.

ही नावे अजून सापडण्यासारखी आहेत. आजोबांच्या पेटीत एखादे जुने पदक असेल तर त्याचा दर्शनी भाग सोडून कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ही बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. पदक घासूनपुसून चकचकीत करू नये. घासण्याने प्रथम ही अक्षरेच जातात. पेन्शनचे कागद, जुनी पत्रे, घरातील बायबलाच्या कोऱ्या पानावर लिहिलेले जन्ममृत्यू, हेही पाहावे. गावच्या पाटीवर तैलरंगाचे थर चढले असतील तर ते तारेच्या ब्रशाने किंवा तेजाबाने काढू जाऊ नये. दगड खराब होतो. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा सायंकाळी, अक्षरे आपोआप उठून दिसतात. पलटण व नाव कळले म्हणजे कमिशनच्या याद्यांत, ज्या आता सर्वांस विनामूल्य पाहता येतात, शोध घेता येतो; आणि नाव तेथे नसेल तर पुराव्यानिशी कमिशनला कळविता येते.

शाळेच्या ग्रंथालयात ह्याकरिता एक वही ठेविली आहे. सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाटीवरील मजकूर जसाच्या तसा, चुकांसह, उतरून आणावा, आणि वहीत गाव, तालुका, पाटीची जागा, दोन्ही आकडे व मिळतील तेवढी नावे लिहावी. शेवटचा रकाना ‘हे कोणी सांगितले’ असा आहे. तो रिकामा सोडू नये. कारण ज्या आजीने नाव सांगितले तिचे नावही आपल्यास हवे आहे.